कात्री मिटण्याचा हक्क

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागदाची फुले कापते ती नव्हे. शिंपीकामाची, लांब पात्यांची, नवख्याचे मनगट दुखावे इतकी जड. भट्टीत तापणे, घणाखाली ठोकून घेणे, पाण्यात बुडणे हे सारे सोसून झाल्यावर मला कपडे शिवण्याच्या एका कारखान्याच्या मालकांनी विकत घेतले. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

मास्तरांकडे एक रीत होती. टेबलावर कापड अंथरायचे, खडूने आखायचे आणि मला त्यावर उघडी ठेवायची. मग ते हाक मारत, "या रे, बघून घ्या!" मशीनवरचे कारागीर, काजे करणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले काका असे सगळे भोवती जमत. ज्याला काही खटकेल त्याने मला मिटायचे. मी मिटले, की मास्तर पुन्हा टेप काढत. पुष्कळदा मिटणाऱ्याचीच चूक निघे. मास्तर हसून म्हणत, "चला, खात्री झाली!" खरे सांगते, मला तेव्हा राग येई. धार लावून तयार राहावे आणि कुणीही येऊन आपले तोंड मिटावे, म्हणजे काय!

पुढे मास्तरांची नजर अधू झाली आणि कारखाना त्यांच्या लेकीकडे आला. ताई हुशार आणि कामाला वाघ. पहिल्याच मोठ्या कामाच्या वेळी मावशींनी मला मिटले. "ताई, गळा मोठा होतोय का, बघा बरं."

ताईंनी मोजले. गळा अगदी बरोबर होता. सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आपली काजं बघा. बेतायचं माझं मी बघते."

मावशी चष्मा पुसत जागेवर गेल्या. त्या दिवसापासून मला कुणी मिटले नाही. हाक मारली की सगळे येत, माना डोलवत आणि जात. ताईंना वाटे, आता काम कसे झटपट होते! मला मात्र चुकल्यासारखे वाटू लागले.

मग एका बँडपथकाच्या कोटांचे काम आले. गडद निळी मखमल! मखमलीला बारीक लव असते. लव खाली वळलेली असली तर कापडाचा रंग एक दिसतो, वर वळलेली असली तर दुसरा. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने आखावे लागतात. कापड वाचावे म्हणून ताईंनी बाह्या उलट्या दिशेने आखल्या. काकांना ते दिसले. त्यांचा हात माझ्यापर्यंत आला, मावशींकडे पाहून थबकला आणि परत खिशात गेला. मी कापत सुटले. इतके नकोसे काम मी जन्मात केले नाही.

कोट शिवून टांगले, तर अंग एका रंगाचे आणि बाह्या दुसऱ्याच! ताई मटकन खाली बसल्या.

"कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"माझ्या आलं होतं," काका म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय मिळतं, ते मावशींना विचारा."

ताईंचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटले, आता काकांची धडगत नाही. पण ताईंनी पथकाच्या प्रमुखांना बोलावून घेतले आणि सगळ्यांसमोर सांगितले, "चूक माझी आहे. नवीन कापड मी आणते, थोडी मुदत द्या." मग त्या मावशींकडे वळल्या. "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं." मावशी नुसत्या "हं" म्हणाल्या.

तुम्हाला वाटेल, झाले, सगळे गोड झाले. कसले काय! ताई रोज मला उघडी ठेवत, चहा गार होईपर्यंत थांबत. कुणाचाही हात पुढे येत नसे. त्या चिडल्या नाहीत, पण त्यांचा जीव किती कासावीस होत होता ते मी जवळून पाहिले.

नवी मखमल टेबलावर आली. मी तिच्यावर उघडी पडले होते. मग मावशी पुढे आल्या आणि त्यांनी मला मिटले.

"बाही आखूड वाटतेय मला."

ताईंनी मोजले. बाही बरोबर होती. पुन्हा मावशीच चुकल्या होत्या! मावशींचा चेहरा पडला. सगळे ताईंच्या तोंडाकडे पाहू लागले. ताईंनी टेप मावशींच्या हातात दिला.

"तुम्हीही मोजा. आणि मिटलीत ते बरं केलंत. आता मी निर्धास्त कापते."

त्यांनी मला उचलायला हात पुढे केला, तोच काकांचा हात खिशातून बाहेर आला. "थांबा, थांबा, लव एकदा मला बघू द्या!" सगळे खदखदून हसले. ताईंचे डोळे भरून आले होते.

आता माझी पाती झिजली आहेत आणि मी भिंतीवर टांगलेली असते. मित्रांनो, कापडाच्या कात्रीने कागद कापू नका आणि तिला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, एवढे तर मी मागणारच. पण उद्या तुम्हीही कुणाचे मास्तर, कुणाच्या ताई व्हाल. तुमचे काम कुणी अडवले आणि अडवणाराच चुकला, तर त्याच्याशी जपून बोला. पुढच्या वेळी त्याचा हात पुढे येणार की खिशात जाणार, हे तिथेच ठरते.