करडी दोरी

थोरल्याने करड्या दोरीचा वेढा स्वतःच्या तर्जनीवर घेतला, दुसरं टोक आपल्या दुकानाच्या काउंटरच्या खिळ्याला अडकवलं आणि झटका दिला. दोरी तुटली नाही. बोटावर पांढरी रेघ उमटली आणि हळूहळू लाल झाली.

"बघ, जरासुद्धा ताणत नाही," तो म्हणाला. "तळाशी मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं."

काउंटरच्या पलीकडून धाकट्याने तीच दोरी आपल्या उजव्या तर्जनीवर घेतली, ओढली आणि मान डोलावली. रेघ त्याच्याही बोटावर उमटली. पण त्याला काही कळलं नव्हतं, आणि कळलं नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. मानेच्या ऑपरेशननंतर त्याच्या त्या हातात ताकद सगळी परत आली होती, जाण मात्र आली नव्हती. खिशातली किल्ली काढायची म्हटली तरी हाताला ती सापडायची नाही. खिसाच उलटा करावा लागायचा.

"मग हीच देतोस?"

"पाणी नितळ आहे सध्या. मासा दोरी बघतो आणि पाठ फिरवतो. करडीच बरी."

यात एक शब्दही खोटा नव्हता. थोरला खोटं बोलत नसे. तेवढी हिंमत त्याच्यात नव्हतीच म्हणा ना. तो खऱ्यातलं निम्मं सांगायचा आणि गप्प बसायचा.

उरलेलं निम्मं असं होतं: ज्याच्या बोटाला कळत नाही, त्याने मासा डोळ्यांनी ओळखायचा. त्याला भडक पिवळी दोरी द्यायची. ती पाण्यावर लांबून दिसते. रबरी आमिष बुडत असताना माशाने तोंड लावलं, की ती टुणकन उडते किंवा कडेला सरकते. मासा बुजू नये म्हणून शेवटी हातभर पारदर्शक नायलॉनचा तंगूस जोडला की झालं. ही युक्ती थोरल्याने थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्यांना शिकवली होती, कालपरवा रॉड धरायला लागलेल्यांना शिकवली होती. पिवळ्या दोरीच्या गुंडाळ्या त्याच्या पाठीमागच्या फळीवरच होत्या. तो जरासा सरकला आणि त्यांच्या पुढ्यात उभा राहिला.

धाकट्याला हे माहीत नसावं याचं नवल वाटेल. पण त्याने जन्मात कधी दोरी निवडली नव्हती. त्याचं सारं कसब बोटात होतं. दोरीचं बघायला दादा होता. मासेमारी मंडळाच्या संघाचा कप्तान म्हणून दरवर्षी बक्षीस घेताना तो सगळ्यांसमोर सांगायचा, "हात माझा असला तरी दोरी दादाची आहे." लोक टाळ्या वाजवायचे, केवढा विनय म्हणायचे. थोरला मागच्या रांगेत बसून हसायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. ताटातलं उष्टं कुणी प्रेमाने वाढलं म्हणून ते उष्टं राहत नाही का?

"यंदा जमलं नाही तर रॉड कुणाला तरी देऊन टाकणार," धाकटा दोरी खिशात घालत म्हणाला. "घरात उभा केलेला बघवत नाही."

"असं अभद्र बोलू नये," थोरला म्हणाला.

धाकटा गेला. कोपऱ्यात गळांची पाकिटं भरत बसलेल्या थोरल्याच्या बायकोने मान वर केली.

"भावोजींना पिवळी नाही दिलीत?"

"मागितली असती तर दिली असती."

"त्यांनी मागितलंय कधी काही? तुम्ही द्याल ते घेऊन जातात."

"तुला यातलं काय कळतं?"

ती पुन्हा पाकिटं भरू लागली. तिला यातलं सगळं कळत होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

निवडीच्या दिवशी तलावावर वाऱ्याचं नाव नव्हतं. कप्तान कोण, हे मंडळात बोलून ठरत नसे. इच्छुकांनी शेजारी शेजारी उभं राहून गळ टाकायचा, ज्याला जास्त मासे लागतील तो कप्तान. यंदा इच्छुक दोघेच होते, आणि दोघे सख्खे भाऊ. नियम एकच होता आणि तो कडक होता: दुसऱ्याच्या दोरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पूर्वी बघे "लागला, लागला!" करून ओरडायचे आणि त्यावरून हाणामाऱ्या व्हायच्या. सेक्रेटरीने नियम वाचून दाखवला, शिट्टी वाजवली आणि तो झाडाखाली खुर्ची टाकून बसला.

धाकट्याने पहिला गळ टाकला तेव्हा बघ्यांनी श्वास रोखला. काय टाकला होता! पाण्यावर साधा तरंगसुद्धा उठला नाही. थोरल्याला जुनाच हेवा वाटला. एवढं होऊनही हा असाच टाकणार, मरेपर्यंत.

मग करडी दोरी करड्या पाण्यावर ढिली पडली आणि दिसेनाशी झाली. लांबून बघणाऱ्यांना तिथे काहीच नव्हतं. थोरल्याला मात्र ती दिसत होती. आयुष्य दोऱ्या बघण्यात गेलं होतं त्याचं, आणि ही तर त्याने स्वतः निवडलेली. आमिष बुडत असतानाच दोरीला बारीक हिसका बसला आणि ती डावीकडे सरकू लागली.

मासा लागला होता. चांगला मोठा असावा. धाकटा शांतपणे उभा होता, देवळाबाहेर बायकोची वाट बघत उभं राहावं तसा. अशा पाण्यात मासा आमिष तोंडात धरून बघतो, रबर आहे हे कळलं की थुंकतो. मधे दोन श्वासांचा वेळ मिळतो. तेवढ्यात रॉड उचलला तर मासा आपला.

थोरल्याची मान ताठ झाली. नियम आहे, त्याने स्वतःला बजावलं, आणि नियम असल्याबद्दल त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच शिसारी आली. दोरी ढिली पडली. मासा गेला.

सकाळभर हेच चाललं. धाकट्याच्या आमिषाला मासे येत होते, चाखून जात होते. थोरल्याकडे त्या मानाने कमी येत होते, पण जे आले ते त्याने ओढून काढले. दुसरा मासा जाळीत पडला तेव्हा टाळ्या झाल्या. त्या त्याला गोड लागल्या. लाज वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण टाळ्या संपल्यावर.

सेक्रेटरीने थोरल्याच्या गळ्यात कप्तानाची शिट्टी अडकवली. लोकांनी धाकट्याच्या पाठीवर हळूच थोपटलं, आजाऱ्याच्या पाठीवर थोपटतात तसं, आणि पांगले. काठावर दोघे भाऊ उरले. धाकटा खाली बसून दोरीचं आमिष सोडवू लागला.

"दादा, माझ्याकडे किती आले होते रे?"

"मला काय माहीत? मी माझं बघत होतो."

"छे. तू माझ्या दोरीकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मासा आला की तुझी मान ताठ व्हायची. पहिल्याच वेळी ध्यानात आलं माझ्या."

थोरला गळ्यातली शिट्टी चाचपू लागला. "मग ओढलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

"नियम होता ना."

"हो. नियम होता."

थोरल्याने नजर खाली वळवली, आणि ती धाकट्याच्या हातावर अडकली. बोलता बोलता आमिषाचा गळ त्याच्या तर्जनीत आरपार जायच्या बेतात रुतला होता. रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. धाकट्याला पत्ताच नव्हता. तो अजून गाठ सोडवत होता आणि प्रत्येक ओढीला गळ आणखी आत जात होता.

"थांब! हात हलवू नकोस."

थोरल्याने पेटीतून पक्कड काढली. गळाला उलटा काटा असतो, तो मागे ओढून चालत नाही. पुढे रेटायचा, टोक कातडी फोडून बाहेर आलं की काटा तोडायचा आणि मग गळ सोडवायचा. त्याने भावाचं बोट हातात घेतलं. हे बोट धरून त्याने त्याला चालायला शिकवलं होतं. त्याने पक्कड आवळली आणि गळ रेटला. कातडी ताणली, फुगली, फाटली.

धाकट्याने बोटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो भावाच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"बरंच दुखतंय वाटतं," तो म्हणाला.