वर केलेला हात

“पासवर एकच नाव आहे. एकच जाईल,” गेटवरचा पहारेकरी म्हणाला.

“अहो, या अक्का बहिऱ्या आहेत. मी त्यांची दुभाषी. मी आत नसले तर या तिथे करणार काय?” शमीमनं विचारलं.

“चहा पितील, बिस्किटं खातील. बाकीचे मेंबर वेगळं काय करतात?”

शमीमनं हे जसंच्या तसं हातांनी सुगुणाला सांगितलं. सुगुणाला हसू आलं. घड्याळात अकराला पाच कमी होते. “इथेच थांब,” अशी खूण करून ती एकटीच आत गेली.

सुगुणा चोपन्न वर्षांची. हैदराबादच्या एका छापखान्यात पुस्तकं शिवायची. यंत्रांचा गोंगाट हिला बाधणार नाही म्हणून मालकानं तिला ठेवलं होतं आणि वर त्याला दया म्हणत होता. अपंगांसाठीचे नियम ठरवणाऱ्या समितीत एक तरी बहिरं माणूस घ्या म्हणून तिनं चार वर्षं अर्ज केले. शेवटी घेतलं. दुभाषी घ्यायची तेवढी राहून गेली.

मसुद्याच्या चौदाव्या पानावर तिनं घरूनच लाल पेन्सिलीनं रेघ मारून आणली होती. ‘दवाखान्यात, पोलीस ठाण्यात व कोर्टात बहिऱ्या व्यक्तीस दुभाषी देण्यात येईल, उपलब्ध असल्यास.’ शेवटचे दोन शब्द तिला काढायला लावायचे होते. बाकी मसुद्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

तिचा नवरा सांबय्याही बहिरा. छातीत दुखायला लागलं तेव्हा दवाखान्यात तो हातांनी सांगत होता, इथे दुखतंय, इथून इथपर्यंत. तिथल्या लोकांना वाटलं माणूस बिथरला. त्यांनी त्याची दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्याला बांधली. बोलणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबला तर लगेच पोलीस येतात. बहिऱ्याचे हात बांधले तर त्याला उपचार म्हणतात. सुगुणा औषधं घेऊन परत आली तेव्हा हात बांधलेलेच होते आणि माणूस गेला होता. नंतर तिला कागदावर लिहून मिळालं, ‘त्या वेळी दुभाषी उपलब्ध नव्हता.’

बैठकीत अध्यक्ष तोंडापुढे कागद धरून वाचत होते. ओठ दिसत नव्हते. सुगुणा शेजारच्या बाईंच्या पानांवर नजर ठेवून होती. त्यांनी पान उलटलं की हिनं उलटायचं. अकरा, बारा, तेरा. चौदावं पान आलं तशी तिनं लाल रेघेवर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि उजवा हात वर केला. ऐकणाऱ्यांच्या बैठकीत बोलायचं असलं की हात वर करतात, एवढं ती त्यांच्याकडे बघून शिकली होती.

मान वर करून पाहते तो सगळ्यांचे हात वर! एक क्षण, एकच क्षण, तिला वाटलं, हे सगळे आपल्या बाजूनं उभे राहिले. तिचे डोळे भरून आले. कुणीतरी फोटो काढला.

मग हात खाली आले, कागद आवरले गेले, चहा आला. कारकुनानं तिच्यापुढे चिठ्ठी सरकवली, ‘एकमताने मंजूर. अभिनंदन, मॅडम.’

“नाही!” ती ओरडली. तो आवाज कसा निघाला ते तिला ठाऊक नव्हतं. लोकांच्या चेहऱ्यावरून कळलं, चांगला निघाला नव्हता. एकीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. सुगुणानं चिठ्ठीवर लिहिलं, ‘मला विरोध आहे. पान चौदा.’ अध्यक्षांनी वाचलं, प्रेमानं हसले, खाली दोन ओळी खरडल्या, ‘हात तर सगळ्यांत आधी तुमचाच वर होता. पुढच्या दुरुस्तीत पाहू.’

रविवारी दुपारी बागेच्या कोपऱ्यावरच्या इराण्याकडे नेहमीची बहिरी मंडळी जमली होती. त्यांच्यातल्या कोटय्यानं पेपर टेबलावर पसरला. फोटोत सुगुणाचा हात मधोमध होता, सगळ्यांत उंच.

“वा अक्का! आम्हाला विकलंस, तेही हसत हसत,” कोटय्याचे हात सपासप चालले.

“हसत नव्हते. मला थांबवायचं होतं.”

“थांबवायला हात वर? आपल्यात काय करतात? पाय आपटतात, टेबल हलवतात, दिवा बंद-चालू करतात. टेबल नव्हतं तिथे?”

“त्यांच्यात हात वर करतात.”

“तेच म्हणतोय. त्यांच्यात गेलीस आणि त्यांचीच झालीस.”

सुगुणाकडे उत्तर होतं, पण बघायला कुणी तयार नव्हतं. बहिऱ्याला गप्प करायचं तर नजर वळवली की पुरे.

बहिऱ्यांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं आणि ते आपलं आपण घ्यायचं नसतं, मंडळींनी द्यायचं असतं. चिमटीत सुई धरून दोरा वर ओढायचा, की झाली सुगुणा. सांबय्यानं हे नाव ठेवलं होतं, लग्नाच्याही आधी. त्या रविवारी कोटय्यानं तिच्याकडे बोट केलं आणि हात ताठ वर केला. सगळे खदखदून हसले. पुढच्या रविवारी कुणी हसलं नाही. तेव्हा तिला कळलं, थट्टा संपली आणि नाव झालं.

तिनं समितीला तीन पत्रं लिहिली. इतिवृत्त कायम झालं आहे, असं उत्तर आलं. शमीम भेटली की अजून गेटची माफी मागते. सुगुणा रविवार चुकवत नाही. न जाऊन करणार काय? घरी हातांना उत्तर देणारं कुणी नाही.

परवा करीमनगरहून लग्न होऊन आलेली एक नवी बहिरी सून मंडळीत आली. एकेकाला नाव विचारत विचारत ती सुगुणापाशी पोचली आणि भुवया उंचावून उभी राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. काहीही सांगितलं असतं तरी खरं मानलं असतं. कोटय्या कप तसाच धरून बघत होता.

सुगुणानं उजवा हात वर केला. ताठ, अगदी फोटोतल्यासारखा.

नव्या सुनेनं तस्सा हात वर करून नाव गिरवलं आणि गोड हसली. टेबलाखाली, मांडीवर, सुगुणाच्या डाव्या हाताची चिमूट सावकाश दोरा ओढत होती.