रुळातून काढलेला अर्ज

माझ्या माहेरी लाँड्री आहे. तिथे चादर रुळातून काढली की सपाट होते. सासरी खोक्यांच्या पुठ्ठ्याचा कारखाना. इथले रूळ दातेरी. कागद सपाट आत जातो आणि नागमोडी बाहेर येतो. लग्नाला पाच वर्षं झाली, तरी त्या सकाळी गडबडीत माझ्या तोंडून माहेरच निघालं.

बालवाडीत अर्ज द्यायचा शेवटचा दिवस होता आणि आमची तीन वर्षांची भिंगरी त्या अर्जावर बसून केळं खात होती. मी तो तिच्याखालून ओढला, पुसला आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

"बाबा, एवढा रुळातून काढून द्या ना!"

का, कशाला, काही नाही. सूनबाईने सांगितलं, बाबांनी काढला.

"अहो बाबा, या चुण्या!"

"चुण्या झग्याला. सुरकुत्या मला. याला पन्हळ म्हणायचं," बाबा म्हणाले. "आणि बघ, एक वाकडी नाही."

अर्जावरच्या फोटोतली भिंगरी डावीकडून नुसते गाल, उजवीकडून नुसता रुसवा. नवा अर्ज मिळणार नव्हता. रोजचे तीन तास माझे म्हणून मी महिनाभर जी स्वप्नं पाहिली, ती सगळी त्या कागदावर वरखाली होत होती.

बालवाडीत भिंगरी माझ्या पायाला घट्ट चिकटली. बाईंनी अर्ज दोन्ही हातांनी ताणला. सोडला की तो परत आखडायचा.

"हे काय आहे?"

"पन्हळ," मी म्हणाले.

बाईंनी वाचण्यासाठी त्यावर पट्टी दाबून फिरवली. कर्रर्र! भिंगरीने पायामागून डोकं काढलं. बाईंनी पुन्हा फिरवली. कर्रर्र!

"मला! मला!"

पाय सुटला. भिंगरी बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर चढली आणि नावापासून पत्त्यापर्यंत नखाने वाजवत गेली.

"आईला सोडून राहते का हो ही?"

"अजिबात नाही," मी खरं सांगून टाकलं.

भिंगरीने मान वर केली. "आई, तू जा ना!"

बाई हसत वहीत नाव लिहू लागल्या. "घेतली हिला. आजच बसू दे तासभर. जा तुम्ही."

मी गेले. म्हणजे दारापर्यंत गेले, परत आले, खिडकीतून पाहिलं. तिने वळूनही पाहिलं नाही, लबाड! मग कोपऱ्यावर एकटीने चहा घेतला आणि पहिल्याच घोटाला जीभ भाजली. गरम चहा प्यायची सवयच उरली नव्हती.