भाषणातून गाळलेली माणसं

कामाच्या ठिकाणची भाषा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. विमा विकणारा सख्ख्या भावालाही हप्ते समजावत बसतो, शिक्षिका नवऱ्याला दोनदा बजावते. हे सगळं आपण हसून सोडून देतो. एका हवालदाराच्या घरी मात्र गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही.

हवालदाराची सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये, ट्रकांच्या पोटाखाली गेलेली. ट्रकशी बोलावं लागत नाही, त्यामुळे माणसांशी बोलायची सवयही गेली. बरोबरचे जवान त्याला मौनीबाबा म्हणत. आणि अशा माणसाला एके दिवशी हुकूम आला : भरती अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणाला हजर व्हा! म्हणजे यापुढे कॉलेजाकॉलेजांतून फिरायचं आणि तरुणांना सैन्यात का यावं ते बोलून पटवायचं.

"साहेब, मी? बोलायला?" त्यानं विचारलं.

"हुकूम आहे," साहेब म्हणाले आणि फायलीत डोकं घालून बसले.

मौनीबाबा पुरता गोंधळला. शेवटी हे प्रशिक्षण घेऊन आलेल्या एका मित्रानं त्याला मोबाइलवर आपल्या भाषणाचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि गुरुमंत्र दिला. "अवघड प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचंच नाही. प्रश्न वळवायचा. कुणी विचारलं, रजा मिळते का, तर आपण विचारायचं, भरपगारी रजा आणखी कुठे मिळते? कुणी विचारलं, धोका आहे का, तर म्हणायचं, धोका रस्त्यावर नाही का?"

मौनीबाबानं सगळं तोंडपाठ केलं. दाढी करताना, बूट घासताना, जिन्यातून उतरताना त्याची पोपटपंची चालू. बायकोनं विचारलं, "अहो, गॅस संपत आलाय, सिलिंडर सांगितलंत का?"

"सिलिंडरची काळजी वाहणारं माणूस घरात आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे!" तो उत्तरला.

बायको डाव हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिली. त्याचं त्यालाही कळेना, की हे आपण बोललो की रेकॉर्डिंग बोललं. पण एक खरं, की आयुष्यात पहिल्यांदाच शब्द अडत नव्हते आणि त्याला ते आवडायला लागलं होतं.

रविवारी दुपारी भाची आली. त्याच्या ताईची एकुलती एक लेक, प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला. "मामा, तुझं भाषण म्हणून दाखव ना," तिनं लाडानं म्हटलं, आणि मामाची गाडी सुटली. शिस्त, मान, गणवेश, बर्फाचे डोंगर, जिवाला जीव देणारे सोबती! पोरीनं मध्येच विचारलं, "आणि घरची आठवण?" तर मामानं प्रश्न अलगद वळवला, "घरच्यांना तुझा अभिमान वाटेल त्याचं काय?" पोरीचे डोळे चमकू लागले. "ठरलं!" ती उठलीच. "उद्या कॉलेज सोडते आणि भरतीला नाव देते. आईला मी आजच सांगते."

ती गेली. मौनीबाबा खूश झाला. पहिल्याच भाषणाला यश! पण बायको त्याच्याकडे न बघता चहाचे कप उचलू लागली.

"का गं, आवडलं नाही?"

"मी मघापासून तुमच्या भाषणात मला शोधत होते," ती म्हणाली. "सापडले नाही. मुलगा झाला तेव्हा मी एकटी होते. तो चालायला लागल्यावर तुम्ही घरी आलात, तर तुम्हाला बघून रडत माझ्यामागे लपला होता. तुमच्या आई गेल्या तेव्हा बर्फानं रस्ता बंद, तुम्ही वर डोंगरात अडकलेले. सगळं ताईंनी उरकलं. तुमचा गुडघा थंडीत अजून धरतो. यातलं काहीच तिला सांगितलं नाहीत."

"म्हणजे ही नोकरी वाईट आहे, असं म्हणतेस?" मौनीबाबाला खरंच उलगडेना.

"वाईट असती तर इतकी वर्षं तुमच्या गणवेशाला एवढ्या हौसेनं इस्त्री केली असती का? अहो, दुरून डोंगर साजरे दिसणारच. पण तुम्ही तर तिथे राहून आलात! तुम्हीही तिला दुरूनच दाखवलेत, तर पोरीनं विचारायचं तरी कुणाला?"

"पण सगळं सांगितलं तर येईल कोण?"

"ते ऐकूनही जी येईल, तिला न्या."

मौनीबाबाच्या डोक्यात नुसता गुंता झाला. हुकूम एक सांगतो, मित्र एक सांगतो, बायको तिसरंच. पण उद्या पोर कॉलेज सोडणार होती, आणि तेही त्याच्या शब्दावर. त्यानं चपला घातल्या, बायकोला बरोबर घेतलं आणि दोघं ताईकडे गेली.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. रडून तिचे डोळे लाल झालेले. "बरं झालं आलास मामा!" भाची म्हणाली. "आईला सांग ना दुपारचं सगळं."

ताईनं हातातली घडी खाली ठेवली. "मला बाकी काही नको. एवढंच सांग, माझी पोर सुखरूप परत येईल ना?"

या प्रश्नालाही रेकॉर्डिंगमध्ये उत्तर होतं. 'आई, आता ती एकट्या तुमची नाही, सगळ्या देशाची लेक आहे.' शब्दन् शब्द त्याच्या ओठांवर आला. पण समोर रेकॉर्डिंगमधली कुणीतरी आई नव्हती, त्याची ताई होती. त्याच्या जागी आपल्या आईला खांदा देणारी!

"ताई, ते मला माहीत नाही!" तो म्हणाला.

आणि मग अडखळत, चाचरत, त्यानं सगळं सांगितलं. आईचं, मुलाचं, गुडघ्याचं, आणि पलटणीतल्या, परत न आलेल्या त्या एका सोबत्याचंही, ज्याचं नाव त्यानं घरी आजवर काढलं नव्हतं. सांगताना त्याला रडू आलं.

"म्हणजे दुपारी खोटं बोललास?" भाची संतापली.

"खोटं एकही नव्हतं गं. फक्त गाळलं होतं."

"एकच झालं की ते!"

मामानं मान डोलावली, कारण पोर बरोबर बोलत होती. मग भाची हळूच म्हणाली, "आधी परीक्षा देते. भरतीचं मग ठरवीन. पण मामा, हे सगळं सोसून तू राहिलास का?"

"एकदा पुरात अडकलेली माणसं आम्ही दुरुस्त केलेल्या ट्रकातून बाहेर आली. उतरताना एका आजीबाईनं ट्रकच्या बॉनेटवर हात फिरवला, लेकराच्या डोक्यावर फिरवावा तसा. मी मागे उभा होतो. मला नीट सांगता येत नाही."

"आज परत भरती झाला असतास?"

मौनीबाबानं बायकोकडे पाहिलं. "झालो असतो. पण या वेळी तुझ्या मामीला विचारून."

मामीनं तोंड फिरवलं, पण ती रडतेय हे सगळ्यांना दिसलं.

प्रशिक्षणात या बोलण्याला किती गुण मिळतील, हे मौनीबाबाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचा गोंधळही पुरता मिटला नव्हता. पण नागरिकहो, आपल्याला यातून एवढं घेता येईल : सैन्य असो, नोकरी असो की सोयरीक, कुणाच्या लेकराला बोलवायचं असेल, तर जे सांगायला जीभ जड होते ते आधी सांगावं. ते ऐकूनही जो येतो, तोच आपल्या मर्जीनं आलेला असतो. बाकीच्यांना आपण फसवून आणलेलं असतं, मग आपलं एकही वाक्य खोटं नसलं तरी!