सौरतळ्याचा थंड तळ

गौरांगचं गणित तळ्याशी दशांशासकट जुळलं. त्याच्या मार्गदर्शक लतिका मॅडमनी प्रबंधावर सही केली, विभागात पेढे वाटून झाले. आता यातलं काहीच झालं नाही असं धरून चालू या. गौरांगही शुक्रवारपासून तसंच धरून चालला आहे.

पिंपळगाव बसवंतजवळ धोंडीराम तात्यांची बेदाण्याची शेड आहे. बेदाण्याला गरम हवा लागते, म्हणून शेडमागे प्लास्टिक अंथरून सौरतळं केलेलं. तळाला खारट पाणी, वर गोडं. खारट पाणी जड, त्यामुळे तापलं तरी वर येत नाही. ऊन खालीच कोंडून राहतं. कुठल्या थरात मीठ किती, पाणी किती जड, किती गरम, हे आधीच सांगणारं गणित मांडायचं, एवढंच गौरांगच्या पीएच.डी.चं काम.

गणित म्हणालं, तळ चौऱ्याहत्तर अंश. तळं म्हणालं, चौतीस. मध्येही चौतीस, वरही चौतीस.

गौरांगने थर्मामीटर बदलला. मग तो काढून पहिलाच परत लावला. मीठ चाखून पाहिलं, मीठच होतं. आठवडाभर त्याला सूर्याचा संशय होता. शेवटी त्याने गणितात मीठ पाण्यात पसरण्याचा वेग वाढवत नेला, आणि वीस हजारपट केल्यावर सगळं जुळलं. मिठाला एवढी कसली घाई, हे काही त्याला कळेना. पण तोवर सही झाली होती.

शुक्रवारी सकाळी सातला तो तळ्याचे फोटो काढायला गेला, तर शेडवर कामाला असलेल्या सरुबाई लांबलचक बांबूने तळं ढवळत होत्या.

"मावशी, हे काय करताय?"

"ढवळतेय. मीठ खाली बसतं ना."

"रोज ढवळता?"

"मंग. द्राक्षं बुडवायचं औषधाचं पाणीबी आम्ही ढवळल्याबिगर वापरत नाय. तुमचंच तेवढं वाऱ्यावर सोडू का?"

"पण ते खालीच राहायला हवं."

सरुबाई बांबू टेकवून थांबल्या. "खालीच ठेवायचं तर पाण्यात टाकलं कशाला? पोत्यात काय वाईट होतं?"

दोनशे दहा पानांच्या प्रबंधात याचं उत्तर कुठल्या पानावर आहे, ते त्याला आठवेना. त्याने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ते वीस हजार म्हणजे सरुबाई आहेत."

"कोण सरुबाई? संदर्भसूचीत आहेत?"

"नाहीत."

"मग घाल. सोमवारी बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न त्याच आकड्यावर विचारणार. उत्तर नसेल तर प्रबंध परत, आणि तळं नव्याने थर लावून तापवायचं म्हणजे अजून दोन महिने."

गौरांग काठावर बसला. गणित बरोबर होतं, पाणी बरोबर होतं, आणि सरुबाई तर सगळ्यात बरोबर होत्या. चूक नेमकी कुणाच्या नावावर टाकावी हे ठरेना, तेव्हा त्याने मांडीवर वही घेऊन अर्ज लिहिला:

"मा. परीक्षा नियंत्रक यांस, सविनय अर्ज करतो की, श्रीमती सरुबाई (शेड विभाग) यांना सोमवार सकाळी दहाच्या आत मिठाच्या पाण्याचा भौतिक गुणधर्म म्हणून मान्यता मिळावी, आणि मौखिक परीक्षा संपेपर्यंत सदर गुणधर्माची रजा मंजूर करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."