बाबुरावांचा डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. आता लगेच नाक मुरडू नका! फुलांची आत्मवृत्तं तुम्ही आवडीने वाचता, मग माझं ऐकायला काय हरकत आहे? तुम्ही गाडीत बसून खिडकीबाहेर बघता, तेव्हा मी बॉनेटखाली एका लोखंडी पेटीत काळ्या तेलात बुडालेला असतो. पेटीला सगळीकडून बोल्ट आवळलेले. जन्मल्यापासून मी उजेड पाहिलेला नाही. गाडीतलं बोलणं ऐकू येतं आणि माणसं कळतात ती त्यांच्या हातापायांवरून.

माझं काम सांगतो. इंजिन एका वेगाने फिरतं आणि चाकं दुसऱ्या. त्या दोघांची गाठ घालून द्यायची ती मी. गिअर चढवणं सोपं असतं हो, ते कोणालाही जमतं. खरी परीक्षा गिअर उतरवताना होते. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर इंजिनाला जरा जास्त जोरात फिरावं लागतं. म्हणून आधी ब्रेकने वेग कमी करायचा, मग क्लच दाबून गिअर बदलायचा, ॲक्सिलरेटर दाबून थोडीशी रेस द्यायची आणि क्लच हळूच सोडायचा. एवढं केलं की आत बसलेल्याला काही कळतसुद्धा नाही. नाही केलं की गाडी गचकन अडखळते, माना हलतात, आणि माझे हाल तर विचारूच नका.

बाबुरावांच्या हाती मी आलो हे माझं भाग्य. उभा जन्म त्यांनी मुंबईत टॅक्सी चालवली होती आणि थकल्यावर ही छोटी निळी गाडी घरच्यासाठी घेतली. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर आला की मला वाटायचं, कोणीतरी पाठीवरून हात फिरवतंय. दर वर्षी गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते परळच्या अप्पांच्या कारखान्यातून शाडूची मूर्ती घरी आणायचे. त्यांच्या बायकोने, मीराबाईंनी, ती मांडीवर धरायची आणि मुलगी अपेक्षाने शेजारी बसून "मोरया" म्हणायचं. शाडू म्हणजे नुसती माती. एक हिसका बसला तर बोट तुटेल, सोंड दुखावेल. पण कधी काही झालं नाही. अप्पासुद्धा म्हणायचे, "बाबुराव, तुमच्या गाडीत मूर्ती दिली की मी निर्धास्त झोपतो."

मग दिवस फिरले. बाबुराव राहायचे ती करी रोडची चाळ पाडली आणि तिथे टॉवर उभा राहिला. माणसांना वर घरं मिळाली आणि मला पाचव्या मजल्यावरचं पार्किंग मिळालं. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला भिंत आणि ये-जा करायला गोल गोल फिरणारा उभा चढाव. त्याच सुमारास साखरेच्या आजाराने बाबुरावांच्या डाव्या पायाची जाण गेली. चिमटा काढला तरी त्यांना कळायचं नाही. क्लचचा पायच गेला, मग गाडी कोण चालवणार? मी तिथेच अडकून पडलो. तेल खाली बसलं, वर धूळ साचली. मुलं काचेवर बोटाने चित्रं काढून जायची. बाबुरावही घरात अडकले. कधीमधी लिफ्टने खाली यायचे, गाडीत बसायचे, दांडा नुसता इकडेतिकडे हलवायचे आणि निघून जायचे. मित्रांनो, त्या वेळी मला रडू यायचं. दोघांतही अजून दम होता, पण दोघांनाही बाहेर काढणारं कोणी नाही.

एकदा ठाण्याहून मुलगा धनेश आला आणि बाबुराव, अपेक्षा यांच्याबरोबर गाडीत येऊन बसला. त्याच्याकडे क्लच नसलेली नवी गाडी. तो म्हणाला, "बाबा, सोसायटीवाले बोंबलतायत. देऊन टाका भंगारात. मूर्ती काय, टॅक्सी मागवून आणता येते."

"चतुर्थी झाली की देऊ," बाबुराव म्हणाले. आवाज असा, की माझं तेल गोठलं.

तेव्हा अपेक्षा बोलली. तिने क्लास लावून लायसन्स काढलं होतं, पण पार्किंगचा उतार पाहूनच तिला घाम फुटायचा. "आणि मूर्ती मी या गाडीतून नीट आणली तर?"

"मूर्तीला एक जरी धक्का लागला ना, तर विषय संपला," बाबुराव म्हणाले.

"आणि नाही लागला तर?"

"तर गाडी तुझी."

झालं! माझा जीव एका पोरीच्या पायात अडकला. मेकॅनिकने येऊन नवी बॅटरी बसवली, तेल बदललं, ब्रेक तपासले, आणि रविवारी सराव ठरला. बाबुराव अपेक्षाच्या शेजारी बसले आणि मागे मूर्तीच्या जागी मीराबाईंनी तांदळाची गोणी मांडीवर घेतली. मालवणची बाई ती! तोंड उघडं ठेवलेली गोणी कवटाळून म्हणाली, "चल गो, बघूया तुझी करामत."

पार्किंगचा उतार अपेक्षा ब्रेकवर पाय ठेवून कशीबशी उतरली, जवळच्या पुलावर मात्र नीट चढली. उतार लागला आणि तिने झटक्यात मला न्यूट्रलमध्ये टाकलं. मी चरकलो. गाडी सुसाट खाली निघाली, इंजिनाचा धरबंध नाही. खाली वळणावर माणसं दिसली तशी तिने करकचून ब्रेक दाबला, दांडा खस्सकन दुसऱ्यात घातला आणि क्लच सोडून दिला. असा हिसका बसला म्हणून सांगू! माझे सगळे दात हादरले. गोणी कलंडली आणि गाडीभर तांदूळ.

"अगो चेडवा, तांदूळ उधळूक इलंस की गाडी चालवूक?" मीराबाई ओरडल्या. "ह्येच्या जाग्यार बाप्पा असतो तर?"

अपेक्षाने गाडी कडेला घेतली. तिला रडूच कोसळलं. "बाबा, तुम्हीही उतारावर न्यूट्रलच करायचात! लहानपणापासून बघितलंय मी, मागे बसून."

खरं होतं ते. पेट्रोल वाचवायला कितीतरी टॅक्सीवाले उतारावर न्यूट्रल करतात, बाबुरावही करायचे. पण उतार संपायच्या आत रेस बरोबर जुळवून ते मला अलगद गिअरमध्ये घ्यायचे. मागच्या सीटवरून पोरीला त्यांचा हात दिसला होता, पाय दिसला नव्हता.

"चूक तुझी नाय," ते म्हणाले. "ती माझी घाणेरडी सवय. ती नको उचलू. उतारावर गिअरमध्येच राहायचं, इंजिन गाडीला धरून ठेवतं. आता ऐक. आधी ब्रेक. मग क्लच. गिअर. जराशी रेस, कोणाच्या खांद्यावर हात ठेवतो तेवढीच. आणि क्लच सोडताना घाई नाय."

मग ते मांडीवर थाप मारून ताल धरायला लागले. ती तसं करायची, चुकायची, पुन्हा करायची. आणि मित्रांनो, मला एक गंमत कळली. तिने क्लच दाबला की शेजारच्या सीटसमोरच्या पत्र्यावरही एक पाय दाबला जायचा. तिथे ना क्लच, ना ब्रेक. तो बाबुरावांचा डावा पाय होता. ज्या पायाला चटका कळत नव्हता, तो आपोआप क्लच शोधत होता. मुलीवर सोडून द्यायला तो अजून तयार नव्हता.

चतुर्थीचा आदला दिवस उजाडला. परळला अप्पांनी मूर्तीच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि मूर्ती मीराबाईंच्या मांडीवर ठेवली. "मोरया" झाला. पुलाच्या उतारावर अपेक्षाने मला तिसऱ्यात ठेवलं. पुढे ढोलवाले आडवे आले. तिने ब्रेक लावला, क्लच, दुसरा, जराशी रेस. मी वाट बघत होतो, हिसका काही बसला नाही. बाबुरावांचा पाय मात्र पत्र्यावर दाबलेलाच होता.

राहिला होता पार्किंगचा चढाव. ती दुसऱ्या गिअरमध्ये चढली, पण वळणावर पुढची गाडी रेंगाळली. आमचा वेग पडला. इंजिन थरथरायला लागलं. आता पहिल्यात यायचं, तेही चालत्या गाडीत, उभ्या चढावर! क्लच उशिरा सुटला तर गाडी मागे घरंगळणार, धसकन सुटला तर मूर्ती पुढच्या सीटवर आपटणार. भल्याभल्यांची इथे भंबेरी उडते. मी मनात म्हटलं, पोरी, ओढू नकोस मला, नुसतं सांग, मी येतो.

तिने क्लच दाबला. पायाने चिमूटभर रेस दिली. दांडा दोन बोटांनी पुढे सरकवला आणि मी पहिल्यात गेलो, पाण्यात पाय बुडवावा तसा. क्लच सावकाश वर आला. गाडी चढत राहिली.

पाचव्या मजल्यावर ती खांबाशेजारी थांबली. रुमालाखालची मूर्ती सांभाळत मीराबाईंनी मागून विचारलं, "काय ओ, चढाव इलो काय?"

"इलो नि गेलो पण," बाबुराव म्हणाले. चढाव कधी आला आणि कधी गेला, मीराबाईंना कळलंच नव्हतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या अवघड वळणावर त्यांचा पाय पत्र्यावर दाबलाच गेला नव्हता. मी भंगारातून वाचलो, हे मला तिथेच समजलं. चावी तिच्या हातात नंतर पडली.

मित्रांनो, मी अजून त्याच अंधाऱ्या पेटीत आहे, बोल्टही तेवढेच घट्ट आहेत. पण उभं राहून गंजणं आणि कामात बुडून झिजणं यात फार फरक असतो बरं का. तुमच्या घरीही एखादा जुना गडी कोपऱ्यात अडकून पडला असेल, यंत्र असेल किंवा माणूस. त्याला हिसके देऊ नका. आधी जरा थांबा, त्याचा वेग ओळखा, मग हाक मारा. तो येतो.

आता दर रविवारी अपेक्षा बाबांना वरळीला समुद्रावर नेते. सीटखाली ते तांदूळ अजून खुळखुळतात. पुलाचा उतार येतो, ती गिअर उतरवते, आणि शेजारी बाबुराव तोंड उघडं टाकून घोरत असतात. त्यांचा डावा पाय स्वस्थ पडलेला असतो.