रत्नप्रभाबाईंचे गुडघे

सहनशक्ती हाच स्त्रीचा खरा दागिना, असं आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत हळदीकुंकवाच्या भाषणात दरवर्षी सांगतात. रत्नप्रभाबाई ते भाषण दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकत. तिथून संडास जवळ पडे.

त्यांचे गुडघे गेलेत, हे अकरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. झालं होतं असं : कुडाळजवळच्या गावी, गौरीच्या दिवशी, थोरली जाऊ लता हिच्याबरोबर फुगडी घालताना त्यांना लघवी झाली. कुणाला कळायच्या आत त्यांनी मुद्दाम बसकण मारली आणि गुडघा धरला. पुन्हा कधी त्या गौरीला गेल्या नाहीत. मुलगा नितेशने एक्सरे काढवला. डॉक्टर म्हणाले, गुडघे उत्तम आहेत. घरच्यांनी डॉक्टर बदलला.

लता फोनवर टोचे, "गे रत्ना, ढोपरां सरकारजमा केलंस काय? तू नाय तर मी कोणाबरोबर खेळतलंय?" आणि ती खरंच कुणाबरोबर खेळली नाही. दुसऱ्याचे हात जमत नाहीत म्हणे. गावात या मायेचं फार कौतुक.

यंदा फेब्रुवारीत सून श्वेता बाळंत झाली. डॉक्टरांनी तिला संघमित्रा नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. सोबतीला सासू.

"शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जातात का?" संघमित्राने श्वेताला विचारलं.

"हो," सासू म्हणाली.

श्वेताने वळून पाहिलं. "आई, तुम्हाला?"

"तुला विचारतेय ना ती. तू सांग की."

"मला नाही होत."

संघमित्राने पेन खाली ठेवलं. "मावशी, किती वर्षं?"

"गुडघे दुखतात तेवढी."

संघमित्राने आतून तपासलं, खोकायला लावलं, आवळून धरायला सांगितलं. खालचे स्नायू सैल पडले होते. ऑपरेशनची गरज नव्हती. आत ओढायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. रत्नप्रभाबाई हे भाजी निवडताना करत. चेहरा इतका गंभीर, की नितेशला वाटे जप चाललाय.

पाच महिन्यांनी संघमित्राने त्यांना उड्या मारायला लावल्या. दहाच्या दहा कोरड्या.

"मावशी, आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कोणी?"

घरी येताच त्यांनी लताला फोन लावला. "यंदा गवरीक येतलंय. ढोपरां बरी झाली."

पलीकडून लता म्हणाली, "ये गे. पण आता खेळूचा कशाक? बसान बोलया."

रत्नप्रभाबाईंना राग आला. अकरा वर्षं टोचायचं आणि आता बसून बोलायचं! त्यांनी फोन ठेवला. ढोपरांचं खरं काय ते सांगायचं राहिलंच. समोरासमोर सांगू, असं त्यांनी ठरवलं.

गणपतीच्या चार दिवस आधी लता हृदयविकाराने गेली.

बाराव्यानंतर तिची ट्रंक उघडली. वर दोन नवी लुगडी, कुंकवाचा करंडा. तळाशी जुन्या लुगड्याच्या चौपदरी घड्या, कडेने दोरा घातलेल्या, धुऊन धुऊन पिवळ्या पडलेल्या. रत्नप्रभाबाईंनी हात लावला आणि ओळखल्या. घाटकोपरच्या कपाटात, साड्यांच्या मागे, लघवीच्या थेंबांसाठी शिवलेल्या त्यांच्याही तशाच होत्या. टाकासुद्धा तोच.

त्यांनी एक घडी उचलून मांडीवर घेतली.

"काय गं आई ते?" नितेशने दारातून विचारलं.

"फडकी."

सुतकामुळे घरात यंदा गौरी आल्या नाहीत. कापड चांगलं मऊ होतं. नितेशने त्यातली चार गाडी पुसायला घेतली.